दगड लागला कुणाला?

माध्यमं, अस्मिता आणि प्रतिनिधित्व यावर प्रबंध लिहायचा, तर आपल्याकडे 'फँड्री'सारखी सोय नाही. नागराज मंजुळे यांनी २०१३ साली हा सिनेमा काढला आणि कित्येकांच्या पदोन्नतीचा प्रश्न मिटवला. सिनेमाच्या शेवटी त्याचा नायक जब्या दगड भिरकावतो, तो थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे बघणाऱ्याच्या तोंडावर. चर्चासत्रात मात्र तो कुणालाच लागत नाही. तिथे तो 'प्रतिरोधाचं चिन्ह' होतो, स्लाइड पुढे सरकते आणि चहाची वेळ होते. प्रतिनिधित्वावर बोलणारे मंचावरचे सगळे एकाच आळीतले निघाले, तरी आभारप्रदर्शन बिनबोभाट पार पडतं. निबंध इंग्रजीत, ज्यांच्यावर लिहिलं त्यांनी वाचून उगाच शंका काढायला नकोत! विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. निष्कर्ष मात्र सगळ्यांचा शंभर टक्के तोच : 'अधिक संशोधनाची गरज आहे.'

संशोधकहो, प्रबंध सादर करण्याआधी त्यातलं एक प्रकरण, ज्यांच्यावर लिहिलं त्यांच्या वस्तीत बसून मराठीत वाचा. त्या तोंडी परीक्षेत तरलात, तर नावामागे डॉक्टर खुशाल लावा.