पावलांचा पगार

श्टुटगार्ट, जर्मनी

ती. आप्पा व आई यांना सूनबाईचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचे चिरंजीव हल्ली घरातल्या घरात चालतात. रात्रीची जेवणं झाली की स्वयंपाकघर ते बाल्कनी, बाल्कनी ते स्वयंपाकघर अशा येरझाऱ्या सुरू. कामशेतला असताना कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळण आणायलाही मोटारसायकल काढणारा हा माणूस! काळजी करू नका. त्यांच्या कंपनीने पावलांची स्पर्धा लावली आहे. मनगटावर घड्याळ, पाच-पाच जणांचा गट, आणि ज्या गटाची पावलं जास्त त्याला व्हाउचर. परवा ते घड्याळ तुमच्या नातवाच्या घोट्याला बांधलेलं सापडलं. पोरगं घरभर धुडगूस घालत होतं आणि त्याचे तीर्थरूप सोफ्यावर आडवे होऊन मोबाइलवर गटाचा आकडा चढताना बघत होते.

माणसाने धडधाकट राहावं म्हणून त्याला पैसे मोजायची इथे रीतच आहे. इथला आरोग्यविमा, म्हणजे ज्याला हे लोक क्रांकनकासे म्हणतात तो, तपासणी केली, लस टोचून घेतली, खेळाच्या क्लबात नाव घातलं की गुण देतो आणि त्या गुणांचे पुढे युरो होतात. कंपनीने नोकरदाराच्या तब्येतीसाठी वर्षाला 600 युरोपर्यंत खर्च केला तर त्यावर आयकर नाही. पण जर्मन माणूस खिशात हात घालायच्या आधी नियमावर बोट ठेवतो. जिमची नुसती वर्गणी त्यात बसत नाही. प्रमाणपत्र मिळालेला वर्गच लागतो.

म्हणून चिरंजीव योगवर्गाला जातात.

होय आप्पा, बरोबर वाचलंत. लोणावळ्यापासून दोन स्टेशनांवर जन्मलेला मुलगा भुजंगासन शिकतोय श्टुटगार्टात, एका जर्मन बाईंकडून. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं, आसनं-प्राणायाम प्रयोगशाळेत नेऊन, एक्स-रे काढून तपासले. त्या फाटकावरून आपले चिरंजीव हातात वडापाव घेऊन कितीदा गेले असतील. आत पाऊल कधी टाकलं नाही. इथे मात्र एक तास चुकवत नाहीत. कारण हठयोगाचा वर्ग विम्याच्या यादीत आहे. फीचा मोठा वाटा परत मिळतो, पण साधारण 80 टक्के हजेरी भरली तरच. बाई त्यांची पाठ सरळ करतात, तेव्हा यांचं लक्ष हजेरीच्या कागदावर असतं.

दातांचं तर विचारूच नका. इथे प्रत्येकाची एक लहानशी वही असते. दरवर्षी डॉक्टरांना दात दाखवायचे की त्यात शिक्का. कवळी किंवा कॅप बसवायची वेळ आली तर ठरावीक खर्चाचा 60 टक्के भाग विमा देतो. सलग पाच वर्षांचे शिक्के असतील तर 70, दहा वर्षांचे असतील तर 75. सूनबाईंनी ती वही रेशनकार्डासारखी कपाटात जपून ठेवली आहे. गंमत म्हणजे इथे आजारी पडलं तरी सहा आठवडे पूर्ण पगार चालू असतो. म्हणजे पडलात तरी पैसे, नाही पडलात तरी पैसे.

आपल्याकडेही हे वारं आलंय. बंगळूरच्या झिरोधा कंपनीच्या नितीन कामतांनी 2022 मध्ये जाहीर केलं की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 25 च्या आत असेल त्याला अर्ध्या महिन्याचा पगार बक्षीस. वजनाच्या काट्यावर माणूस मोजायचा का, म्हणून बरीच टीका झाली. मग त्याच वर्षी रोजच्या हालचालीचं ध्येय ठेवलं : 90 टक्के दिवस ते गाठणाऱ्याला महिन्याचा पगार, शिवाय चिठ्ठीत नाव निघेल त्या एकाला 10 लाख रुपये. दुसरा विचार पहिल्यापेक्षा शहाणपणाचा. वजन हातात नसतं, चालणं असतं. आणि आपले खंडाळ्याला ट्रेनिंग घेतलेले पोलीस भाऊजी? महाराष्ट्र पोलिसांत तंदुरुस्ती भत्ता आहे, महिन्याला 250 रुपये. रात्रभर बंदोबस्त, सकाळी मिसळ, आणि वर पोट आत ठेवायचे अडीचशे!

पैशाने लोक खरंच सुधारतात का? अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने सुमारे 5,000 कर्मचाऱ्यांवर रीतसर प्रयोग करून पाहिला. तंदुरुस्तीची अशी योजना आणूनही दवाखान्याच्या खर्चात म्हणावा तसा फरक पडला नाही. हौसेने नाव घालणारे बरेचसे आधीपासूनच तब्येतीला बरे होते. सूनबाईंच्या मनात वेगळंच खुपतं. ही बक्षिसं खुर्चीत बसणाऱ्यांना उठवण्यासाठी आहेत. आपल्या मावळातून मुंबईला गेलेले डबेवाले मामा डोक्यावर डब्यांची पाटी घेऊन दादरचे जिने चढतात, आणि तुम्ही भाताच्या आवणीत दिवसभर गुडघाभर चिखलात वाकता. ती पावलं कोणाच्या मोबाइलमध्ये पडत नाहीत. चिखलात घड्याळ चालेल का हाही प्रश्नच.

तळेगावच्या धाकट्या भाऊजींना एक निरोप द्या. ते आरोग्यविमा घेणार आहेत ना? हल्ली चालणाऱ्याला पुढच्या हप्त्यात सवलत देणाऱ्या पॉलिसी आपल्याकडेही मिळतात, विमा नियामकाने त्याला परवानगी दिली आहे. पण एजंट "चाला आणि कमवा" म्हणाला की आधी विचारा : रोज किती पावलं, महिन्यातून किती दिवस, आणि परतावा रोख की हप्त्यातून वजा? आणि आईंनी ती हलणारी दाढ एकदा दाखवून घ्यावीच. शिक्का मिळणार नाही, पण चिरंजीव फोनवर रोज विचारणार आहेत.

तुमची,
सूनबाई

ता. क. : चिरंजीव म्हणतील, या वेळी चिक्की पाठवू नका, स्पर्धा चालू आहे. त्यांचं ऐकू नका. शेंगदाण्याची एक किलो, तिळाची अर्धा. व्हाउचर गेलं तरी चालेल.