आधी परीक्षक सांगा

१९ ऑगस्ट हा जागतिक छायाचित्रण दिन. १८३९ साली त्या तारखेला फ्रान्समध्ये डॅगेरोटाइपची कृती जगासाठी खुली झाली आणि तिची झळ आमच्या बुलढाणा जिल्ह्याला अजून लागते. ऑगस्ट उजाडला की चहाच्या टपऱ्यांवर ‘भव्य हौशी छायाचित्र स्पर्धा’ची पत्रकं चिकटतात. विषय ‘माझा बुलढाणा’ किंवा ‘निसर्ग आणि माणूस’. म्हणजे काहीही. तो कुणी वाचतही नाही. पत्रकावरच्या नंबराला फोन लावून लोक एवढंच विचारतात, “परीक्षक कोन हाय भाऊ?”

हा प्रश्न मला पूर्वी कलेचा अपमान वाटायचा. परीक्षकाच्या खुर्चीत तीन वर्षं बसून उठल्यावर कळलं, की अख्ख्या स्पर्धेत शहाणा प्रश्न तेवढाच असतो.

जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती अठरा धान्यांचं रिंगण, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, पापड, कुरडई, करंजी आणि राजासाठी पानविडा. रात्री तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे कुठलं धान्य हललं, कुठलं ढेकूळ भिजलं, विडा जागेवर आहे का, हे पाहून पीकपाण्यापासून दिल्लीच्या गादीपर्यंतचं भाकीत होतं. अंधश्रद्धा निर्मूलनवाले दरवर्षी त्यावर टीका करतात. आमच्या फोटोवाल्यांच्या घटमांडणीवर मात्र कुणी टीका करत नाही, कारण तिचं भाकीत चुकत नाही. हे लोक परीक्षकाचे पाच वर्षांचे फेसबुकवरचे लाइक मांडून बसतात. परीक्षक चित्रकलेचे सर असतील तर चला सिंदखेडराजाला, लखुजीराव जाधवांच्या वाड्यात, कमानीची सावली गाठायला. लग्नाचे फोटो काढणारा स्टुडिओवाला असेल तर गाल गुळगुळीत करून पाठवा. निवृत्त साहेब असतील तर पक्षी, आणि पक्ष्याचा डोळा चकाकलाच पाहिजे. टिपेश्वरकडून तेराशे किलोमीटर चालत एक वाघ २०१९ च्या अखेरीस ज्ञानगंगा अभयारण्यात आला, त्यानंतरच्या स्पर्धेत वाघ आला नाही, त्याच्या पावलांचे फोटो आले. त्यातली काही पावलं गल्लीतल्या कुत्र्याची होती असं माझं मत. साहेबांनी त्यांनाही गुण दिले.

आणि लोणार. त्याच्यावाचून इथली स्पर्धा म्हणजे नवरदेवावाचून वरात. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं, की पाणी आटून खारटपणा वाढला आणि हॅलोआर्किया नावाचे मिठाची आवड असलेले सूक्ष्मजीव माजले, त्यांचा हा रंग. पाऊस पडला, पाणी पुन्हा हिरवं झालं, सूक्ष्मजीव खाली बसले. पण त्यांचं अर्धवट राहिलेलं काम मोबाइलने अंगावर घेतलं. आजही दर स्पर्धेत लोणार गुलाबीच येतं. एका वर्षी तर आभाळ, झाडं, दैत्यसूदनाचं देऊळ आणि देवळापुढचं कुत्रंसुद्धा गुलाबी होतं. त्या वर्षी परीक्षक असलेले चित्रकलेचे सर म्हणाले, “रंगसंगती एकजीव आहे.”

फेब्रुवारी २०२१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे लोणारला आले आणि त्यांनी स्वतः फोटो टिपले. गडकोटांचे हवाई फोटो काढणारा माणूस, हात पट्टीचा. ते फोटो आमच्या स्पर्धेत आले नाहीत, ही आम्हा तिन्ही परीक्षकांवर गजानन महाराजांची कृपा. आले असते तर किती गुण द्यावेत याची रात्रभर बैठक झाली असती आणि सकाळी सरकार कुणाचं आहे ते पाहून निकाल लागला असता.

एक मात्र मान्य करायला हवं, आमची गती शास्त्रज्ञांना जमणारी नाही. लोणारचं हे विवर एका पद्धतीने मोजलं तर सुमारे ५२ हजार वर्षांचं निघतं आणि दुसऱ्या पद्धतीने ५ लाख ७० हजारांचं. विज्ञान अजून दहापटीच्या फरकात अडकलंय. तेच विवर फोटोत समोर आलं की आम्ही अर्ध्या मिनिटात ‘दहापैकी साडेसात’ म्हणून मोकळे. आठ का नाही, हे विचारायची सोय पत्रकातच बंद केलेली असते: परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.

आता गणिताची गंमत. तिघांनी दहापैकी गुण द्यायचे आणि बेरीज करायची, ही सगळीकडची रीत. पहिल्या वर्षी एका पोराने सैलानीच्या यात्रेतला फोटो आणला होता. धूर, गर्दी आणि त्यात एका बाईची फक्त बंद मूठ. मी नऊ दिले, साहेबांनी नऊ दिले, स्टुडिओवाल्याने दोन. त्याचं म्हणणं, “चेहराच नाही तं पाहावं कोनाले?” बेरीज वीस. सुरकुतलेल्या आजीच्या एका फोटोला तिघांनीही सात-सात दिले होते. बेरीज एकवीस. आजी पहिली आली. त्या आजीवर आमच्यापैकी एकाचाही जीव नव्हता. ती फक्त कुणाला खुपली नव्हती. लग्नाच्या पंगतीतलं वरण तसंच असतं, कुणी मागत नाही आणि कुणी परतही लावत नाही.

मी तेव्हा मनात गाठ मारली.

दुसऱ्या वर्षी फोटोंच्या ढिगात एक हललेला, जरासा धुरकट फोटो निघाला. राजूर घाट, पाऊस, वळणावर तिरकी झालेली लाल एसटी. खिडकीतून एक लहान हात बाहेर. फोटो पाहिला आणि माझ्या पोटात ढवळलं. कलेने नव्हे. लहानपणी मलकापूरला मामाकडे जाताना याच घाटात मी न चुकता ओकायचो. आई पिशवीतून लिंबू काढून नाकाशी धरायची, बापू तोंड फिरवून बाहेर पाहत बसायचे आणि कंडक्टर मागून ओरडायचा, “खिडकीतून, बाप्पा, खिडकीतून!” तो लिंबाचा वास त्या फोटोतून आला. मी त्याला दहा दिले आणि उरलेल्या सगळ्यांना तीन-चार. बाकीची दोघं भली माणसं, दर फोटोला सहा, सात, साडेसहा असे गुण वाटत गेली. बेरजेत एसटी पहिली आली. तिघांनाही आश्चर्य वाटलं, त्यातल्या एकाचं खोटं होतं.

मग अभिप्राय लिहायची वेळ. ‘इथे मी ओकायचो’ असं प्रमाणपत्रावर लिहिता येत नाही. मी लिहिलं: ‘गतिमानतेचा संयत आविष्कार, तिरक्या रेषांतून साधलेला भावपूर्ण तोल.’ पोराने ते प्रमाणपत्र फ्रेम करून घेतलं. बक्षीस देताना मी त्याला हळूच विचारलं, फोटो मुद्दाम हलवला का? “नाही सर, पाय घसरला.”

माझी लाज जरा कमी झाली ती बाहेरचे मोठे घोळ वाचून. सोनीच्या जागतिक स्पर्धेत २०२३ साली बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताचं चित्र निवडलं गेलं आणि त्याने बक्षीस नाकारून सांगितलं, हे यंत्राने बनवलंय, तुम्हाला कळतं का ते पाहत होतो. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका स्पर्धेत माइल्स अ‍ॅस्ट्रेने उलटं केलं. मान पोटाखाली घालून अंग खाजवणाऱ्या रोहित पक्ष्याचा खराखुरा फोटो त्याने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गटात घुसवला. परीक्षकांनी तिसरा क्रमांक दिला, लोकांच्या मतदानातही तो निवडून आला, आणि खरा निघाला म्हणून बाद झाला. म्हणजे मुंडकं नसलेला पक्षी जगभरच्या जाणत्यांना चालला. आमच्या स्टुडिओवाल्याने त्याला तरी बरोबर दोन दिले असते. त्या माणसाबद्दल माझा आदर वाढत चाललाय. आपल्याला काय आवडतं ते तो तोंडावर सांगतो, संयत आविष्काराच्या भानगडीत पडत नाही.

यंदाच्या प्रवेशिका परवा उघडल्या. माझं नाव पत्रकात आधीच छापून गेलं होतं. पहिल्या पाकिटात एसटी, दुसऱ्यात एसटी, तिसऱ्यात खामगावच्या फाट्यावर पंक्चर झालेली एसटी. काहींनी कॅमेरा मुद्दाम हलवला होता, एकाने तर इतका, की नुसता लाल पट्टा उरला. सगळ्यांत खाली एक गुलाबी लोणार होतं. कड्यावर, बरोबर डावीकडच्या एक तृतीयांशात, पोराने कुठून तरी आणून एक एसटी उभी केली होती. खिडकीतून एक हात बाहेर आला होता आणि हातात लिंबू.

लिंबाचं त्याला कुणी सांगितलं, ते मी अजून शोधतोय. गुण मात्र नऊ दिलेत.