भिंगाचं रेटकार्ड

बाहुली मोठी करणारे थेंब डोळ्यात घातले की अर्ध्या तासात जवळचं काही म्हणजे काही दिसत नाही. नेमक्या त्याच मुहूर्तावर मोतीबिंदूच्या पेशंटच्या हातात भिंगांचं रेटकार्ड दिलं जातं. लॅमिनेट केलेलं, चकचकीत, आणि मजकूर बारीक टायपात. त्याला त्यातलं एवढंच कळतं, की वरून खाली जाताना आकडे लांब होत जातात.

टेबलापलीकडच्या बाईंना काउन्सेलर म्हणतात. साडीच्या दुकानात सुती साडी चटकन दुमडून बाजूला सारतात आणि मग गादीवर पैठण्या उलगडू लागतात, तशी त्यांची मांडणी. ‘हे बेसिक, काका. चालतं तसं. पण वाचायला चष्मा लागेल.’ इथे जराशी कीव. ‘हे इंपोर्टेड. हे टोरिक. आणि हे आपलं प्रीमियम, चष्म्याची कटकटच नाही.’ काका मुलाकडे बघतात. मुलगा मोबाइलवरून मान वर करून म्हणतो, ‘बाबांना बेस्टच टाका.’

झालं. काका दिवसभर करतात काय, हे कोणी विचारलंच नाही. रात्री स्कूटर चालवतात का? पोथी वाचतात का? बुद्धिबळ खेळतात, घड्याळं दुरुस्त करतात, की गॅलरीत बसून रस्त्यावरच्या लोकांवर लक्ष ठेवतात? रेटकार्डावर या प्रश्नांना रकाना नाही.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनात गढूळ झालेलं आपलं भिंग काढून प्लॅस्टिकचं बसवतात. तरुणपणी आपलं भिंग आकार बदलून लांबचं-जवळचं दोन्ही दाखवत असतं. चाळिशी लागते तेव्हा त्याची ती कला संपत आलेली असते. साध्या, म्हणजे मोनोफोकल भिंगाला ती कला मुळातच नाही. त्याला एक अंतर नेमून द्यायचं, तिथलं ते अगदी लख्ख दाखवतं. बाकीच्या अंतरांसाठी चष्मा. आता ते एक अंतर कोणतं, हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. त्याच्या उत्तराला एक रुपयाही जास्त पडत नाही. म्हणूनच बहुधा तो कोणी विचारत नाही.

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मुद्रितशोधकाची गोष्ट ऐका. शाळेपासून नंबर वजा तीन. लांबच्यासाठी चष्मा कायम, पण वाचताना तो कपाळावर. अशा डोळ्याला चष्म्याविना तेहतीस सेंटिमीटरवरचं स्वच्छ दिसतं, म्हणजे बरोबर प्रूफ धरतात तिथलं. उभा जन्म या गृहस्थांनी उघड्या डोळ्यांनी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पकडल्या. ऑपरेशन झालं, रिवाजाप्रमाणे भिंग लांबच्या नजरेचं बसलं. समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी, टाकीवरचा कावळा, कावळ्याच्या चोचीतला पोळीचा तुकडा, सगळं दिसू लागलं. हातातला पेपर मात्र धुरकट. केसपेपरवर ‘६/६’ असा शेरा पडला, डॉक्टरांनी हात मिळवला, आणि हे गृहस्थ घरी येऊन फुरंगटून बसले. कावळ्याशी त्यांचा कधीच काही व्यवहार नव्हता.

तेच भिंग, तीच कंपनी, तेवढाच छेद. फक्त खोक्यावरचा नंबर साडेतीनच्या आसपास जास्त निवडला असता, तर डोळा वजा अडीचवर स्थिरावला असता आणि चाळीस सेंटिमीटरवरचं वाचन शाबूत राहिलं असतं. लांबचा चष्मा लागला असता. तो त्यांच्या नाकावर पन्नास वर्षं होताच, नाक काही कुरकुरलं नव्हतं. पण त्यांनी मागितलं नाही आणि रुग्णालयाने विचारलं नाही. ज्यांचा नंबर मुळात मायनसचा आहे आणि ज्यांना चष्मा काढून वाचायची सवय आहे, त्यांनी हे वाक्य पाठ करून जावं: ‘मला जवळचं बिनचष्म्याचं हवंय, लांबचा चष्मा चालेल.’ एवढं बोलायला दहा सेकंदं लागतात.

याच साध्या भिंगाची आणखी एक युक्ती आहे. एक डोळा लांबचा ठेवायचा, दुसरा थोडा जवळचा. मेंदू आपापलं वाटून घेतो. सगळ्यांच्या मेंदूला ही वाटणी मानवत नाही, म्हणून आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून चार दिवस पाहता येतं. याचेही जास्तीचे पैसे नाहीत. त्यामुळे हीही रेटकार्डावर नाही.

आता त्या तळच्या लांबलचक आकड्याकडे, मल्टिफोकलकडे वळू. ही भिंगं वाईट नाहीत. त्यांच्यावर बारीक वर्तुळाकार कडी असतात. आत येणारा प्रकाश ती वाटून टाकतात, काही लांबच्यासाठी, काही जवळच्यासाठी, ट्रायफोकल असेल तर मधल्यासाठीही. पण प्रकाश तेवढाच राहतो, कंपनीने तो वाढवून दिलेला नसतो. तिघांत वाटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला कमी येणार, हे सांगायला नेत्रतज्ज्ञ कशाला, एकत्र कुटुंबातली कोणतीही सून सांगेल. परिणाम असा, की ठळक काळं-पांढरं छान दिसतं, फिकटावरचं फिकट जरा मावळतं, आणि रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. अनेकांना काही महिन्यांत त्यांची सवय होते. काहींना होत नाही. मुंबई-गोवा रस्त्यावर पावसात समोरून ट्रक येत असताना प्रत्येक हेडलाइटला प्रभावळ असावी, अशी हौस कोणाला असेल तर त्याने जरूर घ्यावं.

रात्री गाडी चालवत नाही, डोळ्याचा पडदा ठणठणीत आहे, चष्म्याचा मनस्वी कंटाळा आहे आणि खिसा परवानगी देतो, अशा माणसाला हे भिंग सुख देऊ शकतं. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण मधुमेहाने पडदा खराब झालाय, काचबिंदू आहे, पडद्याच्या मधोमध, मॅक्युलाला सूज आहे, अशा डोळ्यात आधीच कमी पडणारा प्रकाश आणखी वाटायचा, हा उफराटा धंदा झाला. तेव्हा मल्टिफोकलची रक्कम विचारण्याआधी पडद्याची ओसीटी तपासणी झाली का, ते विचारा. महाराष्ट्रात साठीच्या पुढच्या माणसाला ‘शुगर आहे का’ विचारणं म्हणजे ‘चहा घेणार का’ विचारण्यासारखंच, उत्तर बहुधा ठरलेलं.

मधला एक प्रकार आहे, ईडॉफ नावाचा. लांबचं आणि हातभर अंतरावरचं, म्हणजे संगणक, ओटा, ताटातले तांदूळ, बरंचसं बिनचष्म्याचं दिसतं आणि कड्यांचा त्रास कमी. औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचायला चष्मा शोधावाच लागतो. हे शेवटचं वाक्य काउन्सेलरबाई जरा भरभर म्हणतात.

टोरिकबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. चष्म्यात ज्यांचा सिलिंडर नंबर मोठा आहे, आणि तो बुबुळाच्या वक्रतेमुळेच आहे हे मोजून दिसलंय, त्यांनी जास्तीचे पैसे मोजायचे असतील तर इथे मोजावेत. साधं भिंग सिलिंडर काढत नाही, टोरिक काढतं, आणि नजरेचा लखलखीतपणा त्याच दिवसापासून कळतो. अट एकच, भिंग नेमक्या कोनात बसायला हवं. एका अंशाने फिरलं तर सुमारे तीन टक्के गुण जातो. तीस अंशांनी फिरलं तर पैसे पाण्यात. म्हणजे इथे भिंगाइतकाच हात महत्त्वाचा, आणि हाताचं ब्रँडनेम खोक्यावर छापलेलं नसतं.

हातावरून माप आठवलं. भिंगाचा नंबर डोळ्याची लांबी आणि बुबुळाची वक्रता मोजून काढतात. सर्वसाधारण डोळा साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास. त्यात एका मिलिमीटरची चूक झाली, की नंबर अडीच-तीनने हुकला. मग तुम्ही जर्मन घाला, जपानी घाला, नाहीतर हिरेजडित घाला. म्हणून रेटकार्डावर अर्धा तास घालवणाऱ्या मंडळींनी बायोमेट्रीच्या खोलीत ‘पुन्हा एकदा मोजता का?’ म्हणायची लाज बाळगू नये. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर किती दिवस आधी बंद करायची ते विचारून घ्या, डोळे कोरडे असतील तर तसं सांगा. आणि तरुणपणी चष्मा घालवायला लेसिक करून घेतलं असेल तर जुने कागद शोधून न्या. लेसिकने बुबुळाचा आकार बदललेला असतो, नेहमीची गणितं तिथे फसतात. ही पिढी आता मोतीबिंदूच्या वयाला येऊ लागलीय, आणि निम्म्यांना आपण लेसिक केलं होतं हे टेबलावर पडल्यावर आठवतं.

‘ब्लेडलेस’ नावाचं एक प्रकरण आहे. ब्लेड नाही, लेझर आहे, म्हणून पॅकेज फुगतं. फ्रान्समधल्या पाच विद्यापीठ रुग्णालयांनी याची नेहमीच्या फेको पद्धतीच्या ऑपरेशनशी तुलना केली. २०२०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आला: लेझर सरस ठरलं नाही, खर्च मात्र वाढला. आपल्याकडे ‘लेझर’ म्हटलं की अजूनही हात आपोआप जोडले जातात.

‘इंपोर्टेड’चीही तीच गत. २९ नोव्हेंबर १९४९ला लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात हॅरल्ड रिडली यांनी माणसाच्या डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे पर्स्पेक्सचे तुकडे घुसले होते, आणि डोळ्यांनी ते मुकाट सहन केले होते. तिथून ही कल्पना. समव्यवसायी मंडळी त्यांच्यावर वर्षानुवर्षं तुटून पडत होती. आपल्याकडे तर भिंग परवडेपर्यंत आजोबांच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा, आणि त्याआड लिंबाएवढे डोळे, हेच चित्र होतं. मग १९९२मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या मंडळींनी ऑरोलॅब काढली आणि परदेशी भिंगाच्या किमतीच्या अगदी लहानशा हिश्श्यात भिंग बनवून दाखवलं. आज ती भिंगं शंभरावर देशांत जातात. म्हणजे मदुराईचं भिंग तिकडे इंपोर्टेड म्हणून बसतं आणि आपण इकडे इंपोर्टेड मागतो.

रिडली यांच्या देशातली आणखी एक बातमी. तिथल्या ‘नाइस’ या संस्थेने २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत सरकारी सेवेला सांगून टाकलं, की मोतीबिंदूच्या पेशंटला मल्टिफोकल देऊ नका. अमेरिकेची मेडिकेअर ही सरकारी विमा योजना २००५पासून म्हणते, साध्या भिंगाचे पैसे आमचे, चष्मा टाळायच्या हौसेचे तुमचे. आपल्याकडे काय? हृदयाच्या स्टेंटवर २०१७च्या फेब्रुवारीत कमाल किंमत आली, गुडघ्याच्या सांध्यावर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. डोळ्याच्या भिंगावर तशी मर्यादा नाही. छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका, एवढंच. आणि मुळात ती छापायची किती, ते ज्याचं त्याने ठरवायचं. विमा कंपनीला मात्र मर्यादा बरोबर सुचते. बहुतेक पॉलिसींत मोतीबिंदूला डोळ्यामागे ठरावीक रक्कम आणि सुरुवातीची दोनेक वर्षं काहीच नाही. ऑपरेशनच्या सकाळी विम्याचे दावे बघणाऱ्या टीपीएच्या खिडकीवर हे कळतं, तेव्हा हातात सुई टोचून झालेली असते.

मोफत नेत्रशिबिरात ही भानगड नाही. तिथे भिंग एकच असतं, बहुधा न दुमडणारं, आणि त्याने दिसतं उत्तम. तिथली अडचण इतकीच, की बाहेरच्या फ्लेक्सवर वाढदिवस असलेल्या साहेबांचा चेहरा तपासणीच्या तक्त्यावरच्या सगळ्यात मोठ्या अक्षराहून मोठा असतो आणि तो ऑपरेशनआधीही दिसत होता.

राहता राहिली ‘लाइफटाइम वॉरंटी’. स्वस्त असो वा महाग, भिंग सहसा जन्मभर पुरतं आणि काढलेला मोतीबिंदू परत येत नाही. भिंगामागची पिशवी काही वर्षांनी धुरकट होऊ शकते, ती याग लेझरने काही मिनिटांत साफ होते. चांगल्या कडेच्या भिंगात हे कमी घडतं, अजिबात घडत नाही असं नाही. ‘डॉक्टर, तुमच्या आईला कोणतं बसवाल?’ हा हुशार प्रश्नही आता विसरा. त्याचं उत्तर काउन्सेलरबाईंना पाठ आहे.

तेव्हा दोन कामं करा. दोन्ही डोळ्यांचं पॅकेज एकदम उरकू नका. पहिल्या डोळ्याने काही आठवडे पेपर वाचून, जिना उतरून, रात्रीच्या रस्त्यावर चालून बघा आणि दुसऱ्याचं भिंग त्यानंतर ठरवा. आणि घरी निघताना खोक्यावरचं स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, मॉडेल, नंबर, अनुक्रमांक सगळं असतं. बिलातलं भिंग आणि स्टिकरवरचं भिंग एकच आहे ना, हे मुलाला वाचायला सांगा. तुमच्या डोळ्यावर त्या दिवशी पट्टी असेल.