सेक्रेटरीसाहेब, आमचा आवाज तुमच्या चौदाव्या मजल्यावर चढला, माफी असावी

मा. सेक्रेटरीसाहेब,



आमच्या आळीतल्या हळदीच्या रात्री तुम्ही फोन केलात आणि दहा वाजून चार मिनिटांनी पोलिसांची गाडी आली. मी लगेच बेंजोवरून हात उचलला. नवऱ्याच्या गालावरची हळद अजून ओली होती, पण कायदा म्हणजे कायदा. रात्री 10 ते सकाळी 6 स्पीकर बंद, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. आमच्या ढोलवाल्यानं विचारलं, 45 म्हणजे किती रे? मी म्हटलं, तू टेम्पोतून ढोल उतरवतोस ना, साधारण तेवढा. तेव्हापासून तो ढोल उतरवतानाही घाबरतो.

तुमच्या अर्जाची प्रत मिळाली. ‘गावठाणातील धांगडधिंग्यामुळे परिसराचा दर्जा खालावतो’ हे वाक्य मंडळींना मोठ्यानं वाचून दाखवलं. दर्जाचा मुद्दा पटला. 2025च्या जानेवारीत 18, 19 आणि 21 तारखेला डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्ले वाजलं, तेव्हा परिसराचा दर्जा केवढा उंचावला होता! तुमच्या गच्चीवर सतरंज्या पडल्या होत्या, हे आम्ही खालून पाहिलं. तिकिटांसाठी अख्खा देश मोबाइलला चिकटून बसला होता आणि तुम्ही मात्र चहाचा थर्मास घेऊन फुकटात ऐकत होतात. त्याआधी 2017ला जस्टिन बीबर, 2019ला यू2. तुमच्या इमारतीच्या माहितीपत्रकातही ‘स्टेडियम चालत दहा मिनिटांवर’ असं छापलेलं होतं. गावठाण चालत दोन मिनिटांवर आहे, ते छापायचं राहून गेलं. बिल्डरची चूक, तुमची नाही.

आता थोडं आमच्या वाद्याबद्दल, कारण ते ‘बाहेरचं, संस्कृतीला न शोभणारं’ असल्याचंही अर्जात आहे. बाहेरचं आहेच. 1912च्या सुमारास जपानातल्या नागोया शहरात तायशोगोतो नावाचं वाद्य निघालं. तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. ते फिरत फिरत इकडे आलं, कुठे बुलबुलतरंग झालं, आमच्याकडे बेंजो. म्हणजे तेही तुमच्यासारखंच नोकरीधंद्यासाठी मुंबईकडे आलं आणि इथलंच झालं. फरक एवढाच, की त्यानं आल्यावर आधीच्या लोकांविरुद्ध अर्ज केला नाही.

आणि बेंजोच्या आधी काय होतं, तर धवला, म्हणजे लग्नविधींची गाणी. माझी आजी धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात भटजीच्या आधी मान धवलारणीचा. मांडवाच्या मेढी रोवण्यापासून एकेका विधीला तिचं गाणं लागतं. ना माइक, ना स्पीकर. आजी अंगणात बसून गायची आणि आवाज भातखाचराच्या पलीकडच्या बांधापर्यंत जायचा. तो बांध आता तुमच्या पार्किंगच्या दुसऱ्या लेव्हलवर येतो.

खाचराचं कसं झालं, हे तुम्हाला ठाऊक असेलच, तुम्ही कागदपत्रं नीट वाचणारे. 1970 साली नवी मुंबई वसवायला सरकारची सिडको कंपनी आली, 95 गावांची जमीन त्या नव्या शहरासाठी गेली. भाव मागायला आमचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे माणसं रस्त्यावर उतरली. 1984च्या जानेवारीत उरणकडे गोळीबार होऊन पाच जण गेले, तेव्हा कुठे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळायची वाट निघाली. आमच्याकडे अजूनही नुसतं ‘साडेबारा टक्के’ म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. तुमचा टॉवर अशाच एका भूखंडावर उभा आहे. आमच्या थोरल्या काकानं तो बिल्डरला दिला. बदल्यात मिळालेल्या पैशातून घर, गाडी आणि दोन लग्नं झाली. दोन्ही लग्नांत मीच वाजवलं. तेव्हा तुम्ही आला नव्हतात.

आता सगळा दोष तुमच्यावर ढकलला तर काका हसेल. आमची पार्टी बारा वर्षं काकाच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात तालीम करत होती. भाडं म्हणजे गणपतीत एक फुकट वाजवणी. मागच्या वर्षी काकानं वर आणखी एक मजला चढवला, खोल्या भाड्यानं लावल्या आणि गाळा ऑनलाइन पार्सलवाल्यांना दिला. ‘पोरा, तुझा ढोल महिन्याला किती देतो?’ एवढंच म्हणाला. हिशेबाला तोड नव्हती. कॅसिओवाला पोरगा तर तीन महिने खोली शोधत फिरला. एके ठिकाणी बॅचलर नको, दुसरीकडे मासे खाणारा नको, तिसरीकडे सगळं चालेल पण ‘वाजवणारा’ नको. शेवटी तळोज्याला राहायला गेला. आता रात्री वाजवायची सुपारी संपली की शेवटची गाडी चुकते आणि तो कॅसिओला उशाशी घेऊन माझ्या ओटीवर झोपतो.

तालीम हल्ली करावे जेट्टीकडे, खारफुटीच्या कडेला करतो. समोर फ्लेमिंगो असतात. त्यांनी अजून अर्ज केलेला नाही.

तुम्ही जग पाहिलेले, म्हणून एक विचारतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं 2014 साली असा नियम केला, की जिथं आधीपासून संगीत वाजतं तिथं कुणी नवी घरं बांधली, तर आवाज रोखायचा खर्च नव्यानं बांधणाऱ्यानं सोसायचा. दुहेरी काचा, जाड भिंती, सगळं त्याचंच. इंग्लंडनंही 2018ला आपल्या नियोजन धोरणात हे घेतलं. तुमच्या पुढच्या सभेत विषय ठेवाल का? काचेच्या खिडक्यांसाठी वर्गणी काढायची असेल तर आम्ही एक हळद कमी पैशात वाजवू. आणि आवाजाचंच म्हणाल, तर नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यावर फ्लॅटचा भाव वाढल्याचे पेढे तुम्ही वॉचमनच्या हाती आम्हालाही पाठवले होते. विमानाच्या आवाजाचा अर्ज अजून कुणी लिहिलेला दिसत नाही, तेव्हा कान तसे मजबूत असावेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
गावठाणातला बेंजोवाला

ता. क. तुमच्या सोसायटीच्या विसर्जनाची सुपारी परवाच तुमच्या खजिनदारांनी दिली. अॅडव्हान्स मिळाला, पावती सोबत जोडतो. ट्रॉलीवर चार स्पीकर सांगितले होते, रात्री पुन्हा फोन करून सहा केले. म्हणाले, ‘शेजारच्या टॉवरपर्यंत गेला पाहिजे आवाज.’ सहाचे पैसे वेगळे पडतील.