आठ आठवड्यांत दंत-सहायक घडविणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
लघुमुदतीच्या ऑनलाइन दंत-सहायक अभ्यासक्रमांचे सर्व चालक,
मुक्काम पोस्ट मोबाइल.

विषय : वर्धा जिल्ह्यातील तोंडे अभ्यासक्रमातल्या चित्रांप्रमाणे उघडत नसल्याबाबत.

दंत-सहायक म्हणजे दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या डाव्या अंगाला बसून डॉक्टरांचा तिसरा आणि चौथा हात होणारी व्यक्ती. सदर अभ्यासक्रम हे दोन हात सहा-आठ आठवड्यांत मोबाइलवर तयार करून देतो. त्यासाठी उमेदवाराच्या हातांची गरज पडदा सरकवण्यापुरतीच लागते. परीक्षा चारांतला एक पर्याय निवडण्याची असते आणि प्रमाणपत्राची सोनेरी किनार कुठल्याही विद्यापीठाच्या पदवीला लाजवील अशी असते.

दंत-सहायक ठेवण्याची प्रथा तशी जुनी आहे. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांनी 1885च्या सुमारास दवाखान्यात एका बाईला मदतनीस म्हणून ठेवले. एकट्या स्त्रीने पुरुष डॉक्टरच्या खोलीत जाणे तेव्हा शिष्टसंमत नव्हते. आत बाई हजर आहे म्हटल्यावर स्त्रिया निर्धास्तपणे येऊ लागल्या. म्हणजे या नोकरीची पहिली पात्रता हजर असणे, एवढीच होती. सदर अभ्यासक्रमाने तीही अट काढून टाकली आहे.

कामाचे शास्त्र नंतर बांधले गेले. खुर्चीभोवती घड्याळाची तबकडी कल्पून पेशंटचे डोके बारावर मानतात. उजव्या हाताने काम करणारे डॉक्टर सात ते बाराच्या दरम्यान बसतात, सहायक दोन ते चारमध्ये. अवजारांची देवघेव चार ते सातच्या पट्ट्यात, हनुवटीच्या खाली होते. पेशंटच्या डोळ्यांवरून काही न्यायचे नसते. सहायकाचे स्टूल डॉक्टरांच्या स्टुलापेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर उंच ठेवतात, म्हणजे तोंडाच्या आतले नीट दिसते. उजव्या हातात सक्शनची नळी असते. डाव्या हाताची करंगळी वापरलेले अवजार डॉक्टरांच्या बोटांतून काढून घेते आणि त्याच हाताचा अंगठा व शेजारची दोन बोटे पुढचे अवजार तिथे ठेवतात. डॉक्टरांची नजर दातावरून हलत नाही. ही करंगळी व्हिडिओत फार छान दिसते. पाहणाऱ्याची करंगळी त्या वेळी बहुधा चहाच्या कपाला टेकलेली असते.

मिश्रणांचे प्रकरण त्याहून नाजूक आहे. दातांचे माप घेण्याचे अल्जिनेट रबरी वाटीत, वाटीच्या कडेला दाबून दाबून, मिनिटभरात एकजीव करावे लागते. नेहमीच्या प्रकारचे अल्जिनेट दोन ते साडेचार मिनिटांत घट्ट होते, हे अभ्यासक्रमात अगदी बरोबर दिलेले असते. मात्र तो हिशेब थंड खोलीतला आहे. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो, टाकीचे पाणी दुपारी हाताला चटका देते, आणि त्या पाण्यात कालवलेले अल्जिनेट ट्रे तोंडापर्यंत पोचण्याआधी वाटीतच बसते. म्हणून उन्हाळ्यात मापाचे पाणी फ्रिजमधले घ्यावे लागते. काढलेले माप ओल्या कापसात गुंडाळून त्यात लवकर प्लास्टर ओतावे लागते. पाणी उडाले की माप आक्रसते आणि कवळी बसत नाही. दात भरण्याचे ग्लास आयोनोमर सिमेंट कागदी पॅडवर प्लास्टिकच्या स्पॅच्युलाने, अर्ध्या मिनिटात कालवायचे असते आणि त्याची चकाकी आहे तोवरच भरायचे असते. चकाकी गेलेले सिमेंट दाताला नीट धरत नाही. चकाकी नेमकी कधी गेली, याचे चार पर्याय देता येत नाहीत.

पडद्यावर चांगले शिकवता येते असेही बरेच आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. दातांचे क्रमांक, अवजारांची नावे आणि 2016च्या जैववैद्यकीय कचरा नियमांतले रंग घरी बसून पाठ करायला काहीच हरकत नाही. रक्ताचा कापूस आणि काढलेला दात पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत, सुई पांढऱ्या, छेद न जाणाऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात. अवजारे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हचे गणितही तसेच : 121 अंश, 15 पौंड दाब, किमान 15 मिनिटे. चक्र अर्ध्यावर असताना वीज गेली तर ते पुन्हा पहिल्यापासून चालवायचे, आणि अवजारांची पिशवी ओली निघाली तर आतली अवजारे निर्जंतुक मानायची नाहीत. एवढे सगळे मोबाइलवर मावते, आणि ते ज्याला पक्के येते तो दवाखान्यात आल्या दिवसापासून उपयोगी पडतो.

अडचण लसीची आहे. रक्ताशी आणि सुयांशी रोजचा संबंध येणाऱ्याने हिपॅटायटिस बीची लस घ्यावी लागते, आणि तिचे तीन डोस आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी असे असतात. तिसरा डोस होईस्तोवर सदर अभ्यासक्रम तीनदा पूर्ण होऊन तिन्ही प्रमाणपत्रे फ्रेममध्ये जातील.

आता मूळ विषय, म्हणजे तोंड. अभ्यासक्रमातला पेशंट तरुण, पांढऱ्याशुभ्र दातांचा आणि तोंडाचा पूर्ण आ करणारा असतो. वर्धा जिल्ह्यात, देवळी काय किंवा हिंगणघाट काय, पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून खर्रा मिळतो. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012पासून बंदी आहे आणि हा जिल्हा तर दारूबंदीचा आहे. खर्रा तरीही जागच्या जागी आहे. सुपारीमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतू साठतात, गाल कडक होतो, आधी तिखटाने तोंडाची आग होते आणि मग तोंड उघडणेच कमी कमी होत जाते. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात आणि पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो. निरोगी माणसाच्या पुढच्या दातांमध्ये त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात. या पेशंटचे एक बोटही कष्टाने जाते आणि तो शांतपणे सांगतो, "मॅडम, येवढंच उघडते."

त्या एका बोटाच्या फटीतून डॉक्टरांचा आरसा, ड्रिल आणि सहायकाची सक्शनची जाड नळी, अशी तिन्ही आत जायची असतात. ताठर गाल ओढला तर दुखतो, नळी मागे गेली तर ओकारी येते, पुढे राहिली तर पाणी घशात साचते. नळी किती आत, कुठल्या कोनात आणि कधी बाहेर, हे मनगटाला कळते आणि अशी बरीच तोंडे पाहिल्यावरच कळते. सावंगी (मेघे) येथे 1991पासून शरद पवार दंत महाविद्यालय आहे. तिथेही दंतवैद्यकाच्या पदवीला चार वर्षांच्या शिक्षणानंतर एक वर्ष आंतरवासिता ठेवलेली आहे, ती याच कारणासाठी. डॉक्टरला वर्षभर पेशंटजवळ उभे राहून शिकावे लागते आणि सहायकाला एकही दिवस लागत नाही, यावरून सहायकाचे काम अधिक सोपे असावे किंवा सहायक अधिक हुशार असावेत.

कायद्यानेही अभ्यासक्रमाला हातभार लावला. 1948च्या दंतवैद्यक अधिनियमाने दंतवैद्य, डेंटल हायजीनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक अशा तिघांच्या नोंदवह्या ठेवल्या. नंतरच्या दोघांना दोन-दोन वर्षांचे शिक्षण आले. खुर्चीशेजारच्या सहायकाची नोंदवही त्या कायद्यात नव्हतीच. जिथे परवाना लागत नाही तिथे तो खोटाही ठरत नाही. त्यामुळे जाहिरातीत 'मान्यताप्राप्त' हा शब्द निर्धास्तपणे वापरता येतो; मान्यता कुणाची, हे विचारायला बारावी झालेली आर्वी किंवा सेलूची मुलगी कुठे जाणार? तिला नोकरी हवी असते, आणि फी बहुतेक वेळा बापाने कापूस विकून भरलेली असते.

हे पत्र वर्ध्याहूनच जावे, याला एक कारण आहे. ऑक्टोबर 1937मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली, आणि हाताच्या उद्योगातून शिकवण्याची ती पद्धत देशभर वर्धा योजना म्हणून ओळखली गेली. सेवाग्रामची मुले सूत काततानाच गणित शिकत. त्या योजनेवर टीका पुष्कळ झाली, काही रास्तही होती. पण टकळीला हात न लावता सूत काढता येते, असा दावा तिच्या विरोधकांनीही केला नव्हता.

तरी विनंती अशी की, नावे, रंग आणि अंश-मिनिटांचा भाग मोबाइलवरच ठेवावा. त्यानंतर किमान तीन महिने एखाद्या नोंदणीकृत दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी काम लावून द्यावे आणि प्रमाणपत्रावर त्या दंतवैद्याची सही घ्यावी. लसीचा पहिला डोस प्रवेशाच्या दिवशीच द्यावा. हे जमत नसेल तर अभ्यासक्रमाचे नाव बदलून 'दंत-सहायक : एक परिचय' असे ठेवावे. फी तीच राहिली तरी वर्धेकरांची तक्रार नाही. परिचयाला एवढे पैसे मोजणारे कोणी असतील तर त्यांनी खुशाल मोजावेत.

कळावे.