संकल्पवहिनी

एक जानेवारीला सकाळी सव्वासातला बेल वाजली. दारात चौथ्या मजल्यावरच्या वहिनी. आत न येता उंबऱ्याशीच ताठ उभ्या राहून त्यांनी हनुवटी वर केली आणि म्हणाल्या, "ओळख, यंदा काय?"

गेली अकरा वर्षं आमच्यात हा खेळ चालू आहे. मी आधी मनगटं पाहिली. मग कान, बोटं, पाय. सगळं गेल्या वर्षीचंच. शेवटी नजर गळ्यावर गेली. मंगळसूत्राच्या बाहेरून बारीक मोत्यांची एक साखळी छातीपर्यंत उतरली होती आणि तिच्या दोन्ही टोकांना रबराचे दोन बारके फास होते. फासांत काहीच नव्हतं.

"चष्म्याची साखळी?"

"शाबास! यंदा चोवीस पुस्तकं. महिन्याला दोन."

"आणि चष्मा?"

"नंबर काढायचाय अजून," वहिनी म्हणाल्या, "पण सुरुवात तर झाली!"

संकल्पवहिनी हे नाव त्यांना सोसायटीने दिलेलं. तोंडावर कोणी घेतलं तरी त्या रागवत नाहीत, उलट पदर सावरून घेतात. बाकीच्या माणसांचं आधी काहीतरी ठरतं आणि मग खरेदी होते. पोहायला जायचं ठरलं की माणूस गॉगल घेतो. वहिनींना आधी दादरच्या फुटपाथवर गॉगल दिसतो, तो घासाघीस करून पर्समध्ये पडतो, आणि मग डोंबिवलीला परतताना, साधारण मुलुंड आणि ठाण्याच्या मधे, त्याला साजेसा संकल्प सुचतो. लेडीज डब्यात जाळीच्या फळ्यावर कानातली लटकवून बाई आली, की मी मुद्दाम वहिनींच्या चेहऱ्याकडे बघते. इतर बायका कानातली निवडत असतात. वहिनी आयुष्य निवडत असतात.

अशा बाईला वर्षातून एकच नवीन वर्ष पुरत नाही. एक जानेवारी असतोच. मग गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि बलिप्रतिपदा हे साडेतीन मुहूर्त. त्यातल्या अर्ध्या मुहूर्तावर घेतलेला संकल्प अर्धाच पाळला तरी चालतो, हे त्यांचं स्वतःचं शास्त्र. शिवाय त्या ऑफिसात अकाउंट्सला असल्यामुळे एक एप्रिल. शिवाय वाढदिवस, तोही तारखेने एकदा आणि तिथीने एकदा. इतक्या वेळा वर्ष नव्याने सुरू करणाऱ्या माणसाचं जुनं काही संपतच नाही, असं भाऊंचं, म्हणजे वहिनींच्या यजमानांचं, म्हणणं आहे. पण भाऊंचं म्हणणं घरात फारसं कोणी ऐकत नाही.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या मनगटावर पावलं मोजणारा पट्टा आला. रोज दहा हजार पावलं. हा आकडा काही संशोधनातून निघालेला नाही, हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे 'दहा हजार पावलांचं मीटर'. नाव ऐकायला छान, आकडा लक्षात राहायला सोपा, म्हणून जगभर तोच चालला. मला वाटलं, हे ऐकून त्यांचा उत्साह मावळेल. उलट चेहरा उजळला.

"म्हणजे तिथेही आधी वस्तूच आली ना!"

यावर मला आजतागायत उत्तर सापडलेलं नाही.

पहिले दहा दिवस वहिनी खरंच चालल्या. अकराव्या दिवशी त्यांना शोध लागला, की मनगटावरचा पट्टा पाय कुठे बघतो, तो हाताचे झोके मोजतो. पोळ्या लाटताना आकडा वाढतो. खोबरं खवताना तर धावतोच. त्या महिन्यात त्यांच्याकडे नारळीभात झाला, खोबऱ्याच्या वड्या झाल्या, ओल्या नारळाच्या करंज्या झाल्या. शेजारधर्म म्हणून डबे आमच्याकडेही आले. महिनाअखेर वहिनींचा पावलांचा हिशेब चोख पूर्ण होता आणि भाऊंचं वजन तीन किलोंनी वाढलं होतं.

मग जपाची पाळी आली. चंदनाच्या सत्तावीस मण्यांची, इलॅस्टिकमध्ये ओवलेली माळ हातात. सत्तावीस चोक एकशेआठ, म्हणजे चार फेऱ्या झाल्या की एक जप पुरा. डोंबिवली ते सीएसएमटी हा प्रवास त्यासाठी देवानेच आखलेला आहे, असं त्या म्हणत. तिसऱ्या आठवड्यात घाटकोपरला उतरणाऱ्या बायकांचा लोंढा आला, कोणाच्या तरी पर्सच्या हुकात इलॅस्टिक अडकलं, आणि सत्तावीस नक्षत्रं डब्यात विखुरली. लेडीज डब्यातल्या बायका सीटसाठी कितीही भांडोत, अशा वेळी एक होतात. पुढच्या स्टेशनापर्यंत सगळ्या वाकल्या. सीटखालून, चपलांमधून, मेथी निवडत बसलेल्या एका बाईंच्या पिशवीतून, असे पंचवीस मणी परत मिळाले. वहिनींनी घरी जाऊन ते ओवले आणि जप पुढे चालू ठेवला.

"पण पंचवीस चोक शंभर," मी म्हटलं. "वरचे आठ?"

"ते रेल्वेच्या खात्यात," वहिनी म्हणाल्या. अकाउंट्सचं माणूस. फरक कुठे टाकायचा हे त्यांना बरोबर कळतं.

त्यानंतर मोती. कोणीतरी सांगितलं, मन शांत राहायचं असेल तर मोती घाला, चांदीत, करंगळीत, सोमवारी. सोमवारी अंगठी चढली. मंगळवार-बुधवार शांततेत गेले. गुरुवारी कणीक मळून, पोळ्या होऊन, पानं वाढल्यावर वहिनींच्या लक्षात आलं की कोंदण मोकळं आहे. त्या रात्री त्या घरात प्रत्येकाने पोळीचा घास माशातला काटा शोधावा तसा जिभेने चाचपत खाल्ला. शेवटच्या पोळीपर्यंत कोणी कोणाशी एक अक्षर बोललं नाही. हात धुताना भाऊ म्हणाले, "गुण आला म्हणायचा. इतकी शांतता या घरात कधी नव्हती." मोती नंतर सिंकच्या जाळीत खरकट्याबरोबर सापडला.

मधे वर्षासाठी एकच शब्द निवडायची टूम निघाली होती. लेकीने मोबाइलवर दाखवलं, वहिनींनी 'बॅलन्स' हा शब्द निवडला आणि तो कोरलेलं लॉकेट मागवलं. भाऊंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या खात्यातला?" तो संकल्प तिथेच मिटला.

मिटलेले संकल्प जातात कुठे? वहिनींच्या कपाटात, श्रीखंडाच्या तीन डब्यांत. एकदा मला त्यांनी ते उघडून दाखवले होते. चार्ज संपलेला पट्टा, पंचवीस मण्यांची माळ, कोंदण वाकलेली अंगठी, बॅलन्स, 'आता रोज स्कूटर' या संकल्पाचे कोपरापर्यंतचे हातमोजे, 'आता फक्त सुती' या संकल्पाची कापडी फुलांची कानातली, पाणी भरपूर पिण्याच्या संकल्पातला बाटलीचा विणलेला पट्टा. बाटली नव्हती. वहिनी एकेक वस्तू उचलून प्रेमाने पुसत होत्या. कुठेही खंत म्हणून नाही. लग्नाचा अल्बम दाखवावा तशा सांगत होत्या, "ही बघ, ही मी चोवीस साली होणार होते."

यंदाच्या पाडव्याला त्यांच्याकडे सत्यनारायण होता. मी प्रसादाच्या शिऱ्याला हात लावायला म्हणून आधीच जाऊन बसले होते. भाऊ पाटावर, शेजारी वहिनी त्यांच्या हाताला हात लावून. गळ्यात ती चष्म्याची साखळी होतीच. एव्हाना तिच्यात चष्मा आला होता, पुस्तक यायचं होतं. गुरुजींनी भाऊंच्या तळहातावर पळीने पाणी घातलं आणि संकल्प सांगायला सुरुवात केली. देश झाला, काळ झाला, शके १९४८ झालं, आणि गुरुजी खणखणीत आवाजात म्हणाले, "पराभवनाम संवत्सरे..."

वहिनींनी डोळे उघडले. "काय नाम?"

"पराभव," गुरुजी म्हणाले. "संवत्सराचं नाव आहे."

"अहो, वर्षाच्या पहिल्याच दिवशी? दुसरं काही नाही का घेता येणार?"

"साठ नावं असतात वहिनी, ती ओळीनेच येतात. पुढच्या वर्षी प्लवंग आहे."

"त्याचा अर्थ तरी बरा आहे ना?"

"माकड," गुरुजी म्हणाले. "चला, पाणी सोडा ताम्हणात."

"आमच्याकडे त्याची सवय आहे," भाऊ पुटपुटले आणि त्यांनी पाणी सोडलं.

घरी आल्यावर ते पाणी सोडणं डोक्यातून जाईना. पूजेतला संकल्प तळहातावर पाणी घेऊन करायचा आणि ते पाणी सोडल्याशिवाय तो पुरा होत नाही. आणि मराठीत एखाद्या गोष्टीवर पाणी सोडलं म्हणजे तिची आशाच सोडली. ज्या भाषेने संकल्प आणि त्याची वाट दोन्ही एकाच पळीत भरून ठेवलं, तिच्यात वाढलेल्या बाईला आपण श्रीखंडाच्या तीन डब्यांवरून काय म्हणून हसावं? निदान तिने पाणी सोडताना प्रत्येक वेळी हातात काहीतरी ठेवलं होतं.

पण वहिनींच्या अंगावर अकरा वर्षांत कधीही न बदललेली एक वस्तू आहे. ती त्यांनी मला कधी ओळखायला लावलेली नाही, कारण तिच्याबरोबर कुठला संकल्पच आलेला नाही. डाव्या हातातल्या बांगड्यांमध्ये अडकवलेल्या सेफ्टी पिना. पाच असतात, कधी सहा. दोन मोठ्या, बाकी मध्यम, आणि एक अगदी बारकी, सोनेरी, तिचं डोकं घासून पांढरं पडलेलं. बांगड्या वाजतात त्यात या पिनांचाही एक चिरका सूर असतो. डब्यात कोणाच्या चपलेचा अंगठा तुटला, पर्सचा बंद निसटला, पदर सुटला, ड्रेसची चेन बिघडली, की कोणीतरी नुसतं "पिन आहे का हो?" म्हणतं आणि वहिनींचा उजवा हात डाव्या हाताकडे जातो. बोलणं चालूच असतं. मोबाइलचं सिम काढायला सुद्धा मी त्यांची बारकी पिन वापरलेली आहे. गेलेल्या पिना परत येत नाहीत आणि वहिनींच्या हातातल्या कमी होत नाहीत.

ही पिन न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट नावाच्या माणसाने काढली. त्याच्या डोक्यावर पंधरा डॉलरचं कर्ज होतं. ते फेडायचं कसं या विवंचनेत तार वाकवता वाकवता त्याला ती सुचली. १८४९ साली त्याने पेटंट घेतलं, हक्क चारशे डॉलरला विकले आणि कर्जातून मोकळा झाला. पुढे त्या तारेवर पैसा इतरांनी कमावला. तरीही मनात धरलेलं पुरं करणारा माणूस म्हणून मला तो आवडतो. त्याने पंधरा डॉलरच मनात धरले होते.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी, गाडीत बसायला जागा मिळालेली असताना, मी हे सगळं वहिनींना सांगून टाकलं. म्हटलं, वहिनी, तुम्ही साल बदललं की नवीन काहीतरी शोधत हिंडता, पण तुमच्यामुळे ज्यांचा दिवस बरा गेला त्या बायकांना तुमचा पट्टा आठवत नसेल आणि मोतीही. पिन आठवत असेल. वहिनी एरवी मधेच तोडतात, त्या दिवशी भांडुप ते ठाणे गप्प बसल्या. मला वाटलं, जरा जास्तच बोलले की काय.

अक्षय्य तृतीयेला बेल वाजली. दारात वहिनी. हनुवटी वर. "ओळख."

ओळखायला वेळ लागलाच नाही. खांद्यावर, पदराच्या निऱ्या जिथे येतात तिथे, मोराच्या आकाराची, हिरव्या-निळ्या खड्यांची, करंगळीएवढी साडीपिन झगमगत होती.

"साडेतीनशे," वहिनी म्हणाल्या. "तुझंच ऐकलं. यंदाचा संकल्प, मदत. रोज एकीला तरी."

मी काय बोलणार? खड्डा मीच खणला होता.

दुसऱ्याच दिवशी गाडीत कॉलेजातली एक मुलगी चढली. गर्दीत तिच्या कुर्त्याची खांद्यावरची शिवण उसवली होती आणि ती ओढणी घट्ट धरून रडवेली झाली होती. "पिन आहे का कोणाकडे?" वहिनींचा हात तत्काळ वर गेला, थेट मोरावर. मी श्वास रोखला. हात मोरावर थांबला. एक क्षण. दोन क्षण. मोराच्या तुऱ्यावरून बोटं एकदा फिरली. मग हात खाली आला, सवयीने बांगड्यांकडे गेला, आणि ती बारकी सोनेरी पिन निघाली. वहिनींनी मुलीला पाठ फिरवून उभं केलं, शिवण आतून जुळवली, पिन अशी लावली की बाहेरून टाकाही दिसू नये, आणि म्हणाल्या, "परत नको देऊस गं, असू दे."

मुलगी कुर्ल्याला उतरून गेली. वहिनींनी खांद्यावरचा मोर सरळ केला, मला कोपराने ढोसलं आणि म्हणाल्या, "बघितलंस? पहिल्याच दिवशी लागू पडली!"