पूर्वजशोधनाची कार्यपद्धती : खेड व हवेली तालुक्यांतील जिज्ञासूंसाठी

आपले पूर्वज कोण होते, ही जिज्ञासा मनुष्यमात्राच्या ठायी उपजतच असते, असे तत्त्वचिंतक सांगतात. परंतु निघोजे, महाळुंगे, सावरदरी, नाणेकरवाडी या चाकणच्या पंचक्रोशीतील अनुभव असा की, ही जिज्ञासा पिढ्यानुपिढ्या निद्रिस्त राहते आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ याच्या कलम ३२(२) खालील नोटीस गावात आली की त्याच रात्री खडबडून जागी होते. ज्या पणजोबाचे श्राद्ध घालण्यास कोणास सवड नव्हती, त्याचे, त्याच्या भावांचे व त्या भावांच्या दोन्ही बायकांचे नाव दुसऱ्या दिवशी घरोघर मुखोद्गत असते. प्रस्तुत मार्गदर्शन अशा नवजागृत भाविकांसाठी आहे.

आरंभ घरातील वयोवृद्ध आत्याबाईंपासून करावा. प्लेगात कोण गेले, मानमोडीच्या साथीत कोण, घर सोडून मुंबईस गिरणीत कोण गेला व परत का आला नाही, हा सर्व इतिहास त्यांच्यापाशी तारीखवार नसला तरी भांडणवार शाबूत असतो. मात्र ही मुलाखत नोटीस येण्यापूर्वी उरकावी. कारण १९९४ साली राज्याने व २००५ साली केंद्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद केल्यापासून, नोटिशीनंतरच्या आत्याबाई वकिलाला विचारल्याखेरीज आपल्या बापाचे नावसुद्धा सांगत नाहीत. त्यात त्यांचा दोष नाही. जुन्या वंशावळी पाहिल्या तर या कुळांत तीनशे वर्षे केवळ पुत्रच जन्मास येत होते असा समज व्हावा. आणि वारसनोंदीत बहिणींची नावे चुकून आलीच, तर ती सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात, विहिरीतील हिस्सा आणि सोसायटीचा बोजा यांच्या शेजारी बसविलेली आढळतात. आता हक्कसोडपत्रावर सही हवी असल्याने याच भगिनींस माहेरची साडी घेऊन, मोटार पाठवून, सन्मानाने वंशवृक्षावर आणले जाते.

यानंतर दफ्तर. चाकणकरांनी राजगुरुनगरास, म्हणजे खेडास जावे. पिंपरी-चिंचवडकरांचा जुना मुलूख बहुतांशी हवेलीत मोडतो. सातबाऱ्यावरून फेरफार, फेरफारावरून त्याच्या आधीचा फेरफार, असे पायरी-पायरीने उतरत जावे. वाटेत ‘ए.कु.मॅ.’ हा गृहस्थ वारंवार भेटेल. तो आपला कोणी परकीय पूर्वज नसून एकत्र कुटुंबाचा मॅनेजर होय, आणि पुढील सर्व दावे त्याच्याच कारभारातून उद्भवलेले असतात. खालच्या पायरीवर गाव नमुना १४, ऊर्फ कोतवाल बुक, लागते. यात जन्माची नोंद पाहावयास जाल तर ‘मुलगा’ एवढेच लिहिलेले असते, कारण बारशापूर्वीच कोतवाल नोंद करून मोकळा झालेला असतो. बापाचे नाव दगडू. त्या वर्षी गावात दगडू या नावाचे इसम किती होते, हे शोधकाने विचारू नये. दृष्ट लागू नये म्हणून दगडू व धोंडू ही नावे ठेवणाऱ्या मातांनी आपल्या पणतवंडांच्या नुकसानभरपाईचा विचार केलेला नव्हता. त्यातच थोरल्या नातवास आजोबाचे नाव देण्याची चाल असल्याने दगडू-धोंडू, दगडू-धोंडू अशी पाळी लागते, आणि गरजेप्रमाणे दोन पिढ्या वाढविणे वा गाळणे सुकर होते.

जुने कागद मोडीत असतील. मोडी वाचणाऱ्या गृहस्थांकडे पूर्वी फक्त इतिहाससंशोधक फिरकत. परंतु २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदींच्या शोधार्थ नेमली गेली आणि या उपेक्षित विद्येस असे काही दिवस आले की, जाणकाराची वेळ मागण्यासाठी वशिला लागू लागला. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही व शब्दही सुटे लिहिण्याची पद्धत नाही. तेव्हा वाचन करवून घेताना आपणास काय हवे आहे, ते जाणकारास आधी सांगू नये, असे शास्त्र आहे. पाळतो कोण!

याही मागे जाण्याची हौस असल्यास पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर आहे. तेथे गेल्यावर ध्यानात येईल की, वंशावळीस जमिनीचा वास येणे हे काही कारखान्यांबरोबर आलेले नाही. पाटीलकीचा तंटा गोतसभेपुढे आला की वादी-प्रतिवादी मूळपुरुषापासूनचा करीना लिहून देत, पंच महजर करीत, आणि पाटील निशाणी म्हणून नांगर काढी. साक्षीपुराव्याने निकाल न लागल्यास प्रसंगी रवादिव्य होई, म्हणजे उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावा लागे. आज त्या ठिकाणी प्रतिज्ञापत्र आले आहे. त्याने हात पोळत नाहीत, आणि आमच्या मते वारसांची संख्या वाढण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. याच पायरीवर आपला मूळपुरुष १६६० साली चाकणच्या संग्रामदुर्गात फिरंगोजी नरसाळ्यांबरोबर शाइस्तेखानाविरुद्ध लढत होता, असेही निष्पन्न होते. त्या सुमारे दोन महिन्यांच्या वेढ्यात खानाच्या छावणीस दाणावैरण पुरविणाऱ्या कोणाचाही वंश या पंचक्रोशीत उरलेला नाही.

लातूर-बीडहून येऊन भोसरीत किंवा थेरगावात भाड्याने राहणाऱ्या कामगारास यांतील काहीच लागू नाही. त्याचे घराणे येथे अकरा महिन्यांच्या भाडेकरारापासून सुरू होते. मुलाच्या जातपडताळणीसाठी आजोबा लागले, तर पाळीची रजा टाकून त्याने गावी जावे.

शेवटी वंशावळ स्वच्छ कागदावर काढावी. मयतांच्या नावापुढे ‘मयत’, निपुत्रिकांपुढे ‘निपुत्रिक’ असे ठळक लिहावे. मात्र दुसरा शेरा लिहिण्यापूर्वी त्या इसमाची नातवंडे हयात नाहीत ना, याची गावात चौकशी करावी. कागदाचा खालचा अर्धा भाग कोरा सोडण्यास विसरू नये. वारसांत एकमत होऊन मोबदल्याचे वाटप होईतो अर्जदार स्वतः वरच्या ओळीत गेलेला असतो, आणि त्याच्या मुलांना नवा कागद जोडावयाचा म्हटले की पुन्हा सर्वांच्या सह्या लागतात.